पान भरण्यापुरत्या दोन ओळी

जुन्या गोष्टींवर हळहळणाऱ्या माणसांचा मला राग येतो. कुणी "पूर्वी इथे काय होतं आणि आता बघा" असं सुरू केलं की मी उठून स्वयंपाकघरात जाते आणि गरज नसताना चहा टाकते. माझ्या बहिणीचं म्हणणं, वयाने तू तिरसट झालीस. वयाचा काही संबंध नाही. दोन वर्षं मी स्वतः हाच उद्योग केलाय, तोही चांगला मन लावून.

आम्ही रत्नागिरीकडचे. लग्नानंतर मी मीरा रोडला आले, बेव्हर्ली पार्कच्या बाजूच्या एका सोसायटीत. स्टेशनजवळ एका डीटीपीच्या दुकानात मी कंपोझिंग करायचे. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, क्लासची हँडबिलं, सगळं तीन-चार भाषांत. मालक गुजराती, गिऱ्हाइकांतली निम्मी हिंदी बोलणारी, आणि मराठी मजकूर आला की तो न बघता माझ्या टेबलावर यायचा. २००५च्या पुरानंतरच्या वर्षी असाच एक मजकूर आला. वहीत, बोरूने लिहावं तसं अक्षर. घेऊन आलेले गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणू लागले.

सरांनी पाच-सहा जणांना जमवून परिसराचा इतिहास जपायला एक मंडळ काढलं होतं. सुट्टीच्या दिवशी हे लोक पेणकरपाड्यापासून पार तारोडीपर्यंत स्कूटरी हाणत जायचे. म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचे, पत्र्याच्या ट्रंकांतले फोटो स्कॅन करून परत द्यायचे, गाणी टेप करायचे. मला कंपोझिंग येत होतं आणि फुकट करायची तयारी होती, त्यामुळे मला मंडळात घ्यायला कुणी वेळ लावला नाही. खरं सांगायचं तर ते काम मला आवडलं. दहा वर्षं त्या भागात राहून मला रिक्षा स्टँड आणि भाजीवाली यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. खाडीच्या अंगाला मिठागरं होती, आमची सोसायटी उभी आहे तिथे भातशेती होती, हे मला तिथल्या माणसांनी सांगितलं तेव्हा आपण कुणाच्या तरी शेतात पलंग टाकून झोपतोय असं वाटायला लागलं.

पेणकरपाड्याच्या मागे, इमारतींच्या बेचक्यात पंचवीस-तीस घरांची एक आळी होती. तिथे मावशी भेटल्या. पासष्टीच्या असतील. काळ्यासावळ्या, काटक, आवाज असा की आळीच्या एका टोकाला बोलल्या तर दुसऱ्या टोकाला कुकरची शिट्टी ऐकू येणार नाही. लग्नातली गाणी त्यांना इतकी येत होती की एका कॅसेटमध्ये मावायची नाहीत. पण त्यांची एक खोड होती. गाणं संपलं की टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवून विचारायच्या, "चालू हाय ना गो? मंग आता बावीचं घे."

बाव म्हणजे विहीर. आळीच्या तोंडाशीच होती. दगडी बांधणीची, गोल, काठाला दोऱ्यांनी पडलेल्या खाचा, आणि पाणी असं की उन्हाळ्यातही हाताला गार लागावं. नळाला पाणी कधी यायचं, कधी नाही. आमच्या सोसायटीत टँकरसाठी भांडणं व्हायची. त्या आळीतल्या बायकांची धुणीभांडी मात्र या विहिरीवर निभत होती. शिवाय लग्नाची हळद असली की पाणी तिथलंच. बायका कळशा घेऊन वाजतगाजत जायच्या, काठाला हळदकुंकू लावायच्या, गाणं म्हणायच्या, आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ. मावशींच्या नातीचं लग्न वैशाखात ठरलं होतं.

आणि बाजूच्या प्लॉटवाल्या बिल्डरने विहिरीच्या तीन अंगांना निळे पत्रे ठोकले होते. चौथ्या बाजूने बायकांना जाण्यापुरती वाट होती. तिथे खुर्ची टाकून बसलेला वॉचमन रोज म्हणायचा, "जल्दी भरो, बंद होने वाला है." जागा आमची, असं बिल्डर म्हणत होता. आळीवाले म्हणत होते की बाव त्यांच्या आजोबा-पणजोबांनी अंगमेहनतीने खणलीय. हे सगळं मावशींना टेपवर हवं होतं. कुणी खणली, पहिला दगड कुणी बसवला, कुठल्या वर्षी गाळ काढला. आणि त्या सांगायला लागल्या की सर माझ्याकडे बघून हळूच मान हलवायचे. मी टेप बंद करायचे. कॅसेट गाण्यांसाठी ठेवायची होती. वादाचं घ्यायचं नाही, असं मंडळाचं ठरलेलं होतं.

मी दरवेळी ते बटण दाबलं, हे लिहायला मला आज जड जातंय, पण दाबलं.

मग सरांनी पुस्तिका काढायचं मनावर घेतलं. जुने फोटो वर, त्याखाली माहिती, असं एकेक पान. कंपोझिंग, पानं लावणं, प्रूफ, सगळं माझ्याकडे. दुकान बंद झाल्यावर तास-दीड तास बसायचे. विहिरीचं पान आलं तेव्हा मजकूर दोन ओळींनी कमी पडला. सरांचा नियम असा की पान खाली अर्धवट सोडायचं नाही, दिसायला दरिद्री दिसतं. विहिरीवर वाकलेल्या मावशींचा फोटो मोठा केला तर त्यांचं कपाळ पानाबाहेर कापलं जात होतं. अक्षर मोठं केलं तर एक शब्द पुढच्या पानावर सांडत होता. मी सरांना फोन लावला.

सर म्हणाले, "तुम्हीच घाला ना काहीतरी. शेवट हुरहुर लावणारा हवा. वाचकाला चटका बसला पाहिजे."

आणि मी घातलं. मला वाटतं, दोन मिनिटंही लागली नाहीत. "आज मात्र ही विहीर बुजून गेली आहे. तिच्या काठावर गायली जाणारी गाणी तेवढी कानांत उरली आहेत." पान बरोबर भरलं. ओळ न् ओळ काठाला लागली. वाचून माझेच डोळे भरून आले. आदल्याच रविवारी मी त्या विहिरीवर ओंजळीने पाणी प्यायले होते.

का लिहिलं, याचं उत्तर मी स्वतःला अनेकदा मागितलंय. पत्रे ठोकलेत म्हणजे आज ना उद्या बुजणारच, असं कुठेतरी मनात धरलेलं असणार. पण त्याहून खरं कारण मला लाज आणणारं आहे. "विहीर आहे, पाणी आहे, बायका भरतात" असं लिहिलं असतं तर चटका बसला नसता. आमच्या अख्ख्या पुस्तिकेत एकही गोष्ट धडधाकट नव्हती. सगळं लुप्त, सगळं काळाच्या पडद्याआड. पंधरा मिनिटं चालत गेलं असतं तर त्यातल्या निम्म्या गोष्टी हसतखेळत भेटल्या असत्या. पण भेटलेल्या गोष्टीवर हळहळता येत नाही ना! सरांना ती वाक्यं फार आवडली. "तुमच्यात लेखिका आहे," म्हणाले. मी दोन दिवस हवेत होते.

प्रकाशन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं, जोडीला फोटोंचं प्रदर्शन. हॉलची सोय त्याच बिल्डरने केली होती, हे मला दारातला फ्लेक्स बघून कळलं. सरांना विचारलं तर म्हणाले, "चांगल्या कामाला कुणीही हातभार लावावा." स्टेजवर मावशींचा मोठा केलेला फोटो तिकाटण्यावर उभा केला होता. विहिरीवर वाकलेल्या, हातात दोर, चेहरा कॅमेऱ्याकडे. समोर समई, ताटात हार. प्रमुख पाहुणे म्हणून एक स्थानिक पुढारी आले होते, अर्थात उशिरा. आले ते थेट स्टेजवर. कार्यक्रमाच्या सुरुवातीला प्रतिमेला हार घालायचा, एवढं त्यांना पाठ होतं. त्यांनी ताटातला हार उचलला, मावशींच्या फोटोला घातला, डोळे मिटून हात जोडले. त्यांच्या मागे सरांनी हात जोडले. सर! ज्यांनी या बाईच्या ओटीवर बसून दहा वेळा चहा घेतला होता, ते. आणि हॉलमधली माणसं उभी राहिली. कुणीतरी चपलासुद्धा काढल्या.

मावशी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. नवं हिरवं लुगडं नेसून, नातीला शेजारी घेऊन.

"ओ!" त्या ओरडल्या. "मी मेलेली न्हाय. जित्ती हाय मी!"

हॉल हसला. हेच मला सहन होत नाही. एखाद्या बाईला तिच्यादेखत मेलेली ठरवली आणि माणसं खदाखदा हसली, टाळ्या वाजवल्या. नात रडवेली झाली होती. दोन महिन्यांवर लग्न आणि आजीच्या फोटोला हार, त्या मुलीच्या पोटात काय झालं असेल? मावशी मात्र चालत स्टेजवर गेल्या, स्वतःच्या फोटोवरचा हार काढला आणि पिशवीत टाकला. "फुलं चांगली हायेत. देवीला घालीन," म्हणाल्या. पुढारी शहाणा माणूस. लगेच वाकून पाया पडला आणि "माताजी, आशीर्वाद द्या" म्हणत त्यांच्यासोबत फोटो काढून घेतला. मावशींनी तेवढ्यात माईक धरला. "आमचे बावीला पत्रे मारलेत. तुम्ही आलाव तं आज सगल्यांनी..." एवढंच बोलता आलं. सरांनी अगदी आदराने माईक त्यांच्या हातातून काढून घेतला. "आजींच्या आठवणींचा ठेवा आपण टेपवर जतन केलाच आहे," ते म्हणाले, आणि परत टाळ्या.

मी पुस्तिकांच्या गठ्ठ्यामागे उभी होते. पुढे व्हायला हवं होतं. झाले नाही.

जाताना मावशींनी एक पुस्तिका मागून घेतली. त्यांना वाचता येत नव्हतं. विहिरीचं पान कुठलं ते माझ्याकडून उघडून घेतलं, फोटोवरून बोट फिरवलं, आणि पान दुमडून खूण केली. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की खाली काय लिहिलंय हे मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. छापून आलं म्हणजे चांगलंच लिहिलं असणार, एवढा त्यांचा माझ्यावर विश्वास.

महिन्याभराने त्या दुकानात आल्या. आळीवाल्यांनी विहिरीबद्दल हरकत घेतली होती आणि कचेरीत साहेबांनी बोलावलं होतं. "तू चल. तुना वाचता येतं," म्हणाल्या. मी अर्ज टाइप केला, अगदी व्यवस्थित, आळीतल्या सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. मनात म्हटलं, आता तरी आपल्या अक्षरांचा काही उपयोग होईल.

साहेब वाईट नव्हते, वाईट असते तर निदान भांडता आलं असतं. त्यांनी नकाशा उलगडला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "ताई, रेकॉर्डला विहीर दिसतच नाहीये. आम्ही काय करतोय, कागदावर जे आहे तेवढंच बघतोय. अर्ज तर कुणीही देतो. छापील असं काही आहे का, विहीर आहे म्हणून?"

मी "नाही" म्हणणार तेवढ्यात मावशींनी पिशवीत हात घातला. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली आमची पुस्तिका बाहेर काढली. देव्हाऱ्यात ठेवलेली असावी, कव्हरवर हळदीचं बोट उमटलं होतं. पान दुमडलेलंच होतं. मी हात पुढे केला, "मावशी, ते राहू दे," म्हटलं. त्यांना वाटलं मी लाजतेय.

"असं कसं? पुस्तकात हाय आमची बाव. या बायनंच लिवलंय. वाचा सायेब, मोठ्यानं वाचा."

साहेबांनी मोठ्याने वाचलं. वरचा मजकूर वाचताना मावशी मान डोलवत होत्या. मग शेवटच्या दोन ओळी आल्या. साहेब वाचताना अडखळले. चष्म्यावरून आधी मावशींकडे, मग माझ्याकडे बघितलं, आणि पुस्तिका माझ्यासमोर टेबलावर सरकवली.

"तुमच्याच मंडळाने लिहिलंय. विहीर बुजली म्हणून."

मी बोलायला लागले. चूक झाली, पान भरायला लिहिलं, विहीर आहे, पाणी आहे, आत्ता चला, दाखवते. आपण काय बोलतोय ते माझं मलाच ऐकू येत होतं. पान भरायला! साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग मंडळाच्या लेटरहेडवर तसं लिहून आणा," म्हणाले. "चुकीचं छापलं गेलं, विहीर अस्तित्वात आहे. अध्यक्षांची सही आणा. मग मी जागा बघायला येतो. असं तोंडी नको."

बाहेर पायऱ्यांवर मावशी बसल्या. मला म्हणाल्या, "परत वाच."

मी वाचलं. रडत वाचलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चांगलं लिवलंस गो," म्हणाल्या. "आयकून रडू येल कोनाला पन."

अध्यक्ष म्हणजे सरच. तिथून मी थेट त्यांच्या घरी गेले. एक पानभर मजकूर, खाली सही, बस एवढंच हवं होतं. लेटरहेडचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर होता. मीच तर तो छापून आणला होता. सर म्हणाले, "ताई, ते भावनिक वाक्य आहे. तो काही पुरावा नव्हे." मी म्हटलं, तेच लिहून द्या. मग म्हणाले, आपणच आपलं पुस्तक खोटं आहे असं लिहून दिलं तर मंडळाची विश्वासार्हता काय राहील? मग म्हणाले, हा विषय कार्यकारिणीपुढे ठेवावा लागेल, एकट्याने सही करणं बरं नव्हे. बैठक कधी, तर दोन सभासद गावी गेलेत, आले की. मी त्या दिवशी सरांशी ज्या आवाजात बोलले त्या आवाजात माझ्या सख्ख्या सासऱ्यांशीही कधी बोलले नव्हते. इतिहास जपतोय म्हणता, मग त्या बाईला पाणी प्यायला मिळतंय ते तुम्हाला का जपवत नाही? सरांच्या पत्नीने मला पाणी आणून दिलं. फिल्टरचं, काचेच्या ग्लासात. मी ते प्यायले नाही, उठून आले.

मी एकटीच्या सहीने लिहून दिलं. "सदर वाक्ये मी लिहिली असून ती खोटी आहेत." साहेबांनी कागद घेतला, शिक्का मारला, पोच दिली. पुन्हा विचारायला गेले तर म्हणाले, मंडळाचं पत्र आलं का? मी दुकानातून रोज सरांना फोन करत होते. मालक वैतागून म्हणाले, "बेन, छोडो ना अब." मंडळातल्या बाकीच्यांना फोन केले. सगळ्यांना फार वाईट वाटलं. वाईट वाटण्यात ते लोक तरबेज होते. सही कुणी केली नाही.

बैठक व्हायच्या आत डंपर आले. सकाळी धुण्याच्या वेळेला. मी पोचले तेव्हा बायका बादल्या घेऊन पत्र्यांपाशी उभ्या होत्या आणि आत विटांचे तुकडे, माती, तोडलेल्या लाद्या ओतल्या जात होत्या. पहिल्या दोन खेपांना पाण्याचा आवाज आला, मग तो यायचा बंद झाला. मावशी वॉचमनशी भांडल्या, ड्रायव्हरशी भांडल्या, शेवटी डंपरच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना दोघांनी धरून बाजूला केलं. माझ्या हातात ती पोच होती. मी ती कुणाकुणाला दाखवली ते आता आठवलं तरी स्वतःचीच कीव येते.

वैशाखात नातीचं लग्न झालं. मला बोलावणं होतं. हळदीच्या दिवशी बायका नेहमीसारख्या कळशा घेऊन निघाल्या, गाणं म्हणत, आणि आळीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या टँकरवर गेल्या. मावशींनी टँकरच्या तोटीला हळदकुंकू लावलं. टँकरवाला खजील होऊन दुसरीकडे बघत होता. मला त्यांनी कळशी धरायला लावली. मी धरली, पण गाणं माझ्या तोंडून निघालं नाही.

मंडळात मी परत गेले नाही. पुढच्या वर्षी पुस्तिका संपली, मागणी होती म्हणून दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं. फाइल माझ्याकडे होती. सरांचा फोन आला. जणू मध्ये काही झालंच नव्हतं. दोन तारखा चुकल्या होत्या, एका फोटोखालचं गावाचं नाव दुरुस्त करायचं होतं, ते त्यांनी सावकाश सांगितलं.

"आणि ताई, ते विहिरीचं वाक्य तसंच राहू द्या," म्हणाले. "आता ते बरोबर आहे."